विझली, पण निवली नाही

देऊळखेडच्या घराघरांत आग विझवणारा घुम्या बसला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत कांचन तायडेंना कुणीही बोलावलं नव्हतं.

घुम्याआधी मार्च ते जून त्यांचा एकही रविवार मोकळा नसे. वऱ्हाडातलं हे कापसाचं गाव. उन्हाळ्यात जिनिंग कारखान्यातली रुई, गोठ्यातला कुटाराचा चारा आणि स्वयंपाकघरातलं तेल सारखंच तापलेलं. नवरा प्रल्हाद अग्निशमन दलात होता. गावात त्याला सगळे 'बंबवाले तायडे' म्हणत. सकाळी आठच्या सुमाराला एखाद्या मोहल्ल्यात लाल बंब उभा राहायचा, समाजमंदिरासमोर सतरंज्या पडायच्या, बायका लेकरं कडेवर घेऊन यायच्या आणि प्रल्हाद आगीची शाळा भरवायचा.

सुरुवातीला तो एकटाच जाई. खाकी कपड्यातला दणकट मिशाळ माणूस कढईतलं तेल पेटवून दाखवू लागला की बायका पदर तोंडाला लावून हसत. एकदा एका म्हातारीनं भर सभेत विचारलं, "काहो सायेब, तुमी घरी कधी भजे तळले काय?" लोकांचं हसणं थांबेना. प्रल्हाद घरी आला आणि बायकोला म्हणाला, "पुढच्या रविवारी तू चाल. माह्यावर कोणाचा विश्वास बसत नाही."

कांचन तेव्हा चोवीस वर्षांची होती. पुढच्या रविवारी ती पहिल्यांदा सभेपुढं उभी राहिली. कढईतून ज्वाळा उठली, हातभर. तिनं आधी शेगडी बंद केली. मग परात आडवी धरली आणि आपल्या बाजूनं पुढं सरकवत कढईवर ठेवली, ज्वाळा तोंडावर येऊ नये म्हणून. एका क्षणात आग दिसेनाशी झाली. कुणी हसलं नाही.

"आता लगेच उघडून पाहायचं नाही," ती म्हणाली. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिला त्या दिवशी कळलं. "अर्धा तास हात लावायचा नाही. पाणी तर थेंबभरही नाही."

त्यानंतर पंचवीस वर्षं ती जोडी गावोगाव फिरली. तेल पेटलं तर काय, सिलिंडर गळत असेल तर बटणाला का हात लावायचा नाही, अंगावरची साडी पेटली तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, भाजल्यावर टूथपेस्ट नाही, वाहतं गार पाणी. धूर वर जातो, तेव्हा आपण खाली वाकून रांगत निघायचं. आणि एकदा बाहेर पडलं की सोन्यासाठीसुद्धा परत आत जायचं नाही. शाळा संपली की कुणीतरी चहा ठेवायचं. कपबश्यांचा आवाज, बंबावर चढू पाहणारी पोरं, आणि त्यांना दटावता दटावता स्वतःच त्यांना उचलून वर बसवणारा प्रल्हाद. कांचनताईंना आता आगीपेक्षा तो चहाच जास्त आठवे.

*

घुम्या गावात आणला तो त्यांच्याच मुलीनं.

अनघा ध्वनिशास्त्र शिकली होती. यंत्राचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'शामक' असं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. छताला लावलेल्या थाळीएवढ्या चार पांढऱ्या, भोकाभोकांच्या तबकड्या. एरवी तोंडातून ब्र नाही, आणि ज्वाळा दिसली की छातीत घुमणारा खर्ज. लोकांनी त्याला घुम्या म्हटलं.

पहिला घुम्या अनघानं आईच्याच स्वयंपाकघरात बसवला होता. मेणबत्ती पेटवून ती म्हणाली, "आई, आवाज म्हणजे काय? हवेचा धक्का. पुढं-मागं, पुढं-मागं. हा आवाज सेकंदाला चाळीस-पन्नास हेलकाव्यांचा आहे, तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खालचा. ज्वाळा टिकते ती इंधनाची वाफ आणि हवा एका पातळ थरात भेटतात म्हणून. आपण तो थरच हलवून टाकायचा. वाफ इकडं, ज्वाळा तिकडं. बस."

घुम्या घुमला. कांचनताईंच्या बरगड्यांत काहीतरी थरथरलं, आणि मेणबत्ती फुंकर न मारता विझली. ना पाणी, ना पावडर. छतातला डोळा ज्वाळेची फडफड पाव सेकंदात ओळखे आणि चारही तबकड्या आपला आवाज नेमक्या त्या जागेवर एकवटत.

"बाबांच्या वेळी हे असतं तर," अनघा म्हणाली.

प्रल्हाद फुप्फुसांनी गेला होता. एका जिनिंगच्या गोदामाला आग लागली, दिवसभर पाणी मारून ती विझवली, सगळ्यांनी हुश्श केलं. दोन दिवसांनी मोजदाद करायला प्रल्हाद आत गेला. वरून भिजलेल्या रुईच्या गाठी पोटात अजून धुमसत होत्या. त्या न दिसणाऱ्या धुरात तो वीस मिनिटं होता. तेवढ्यानं त्याची पुढची अकरा वर्षं खोकल्यात गेली. खाटेवर बसून तो लेकीला म्हणायचा, "पोरी, विझणं अलग आन् निवणं अलग. मले हे माहीत होतं. तरी गेलो."

एकाही माणसाला आगीत शिरावं लागू नये म्हणून अनघानं हे यंत्र उभं केलं. कांचनताईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या कधी काही बोलल्या नाहीत.

आणि बोलणार तरी काय? सहा वर्षांत गावात एक बाई भाजली नव्हती. सरकारी दवाखान्यातला जळीत विभाग बंद करून तिथं डोळ्यांची ओपीडी सुरू झाली होती. घरात ज्वाळा टिकतच नाही म्हटल्यावर गॅस गेला, सगळीकडं विजेच्या शेगड्या आल्या. दुकानातून काडेपेट्या दिसेनाशा झाल्या. दिवाळीचे दिवे लोक अंगणात, घुम्याच्या टप्प्याबाहेर लावत, तेही हौसेनं एक-दोन. शेवटच्या वर्गाला कांचनताईंनी शाळेच्या पटांगणात, घुम्याच्या टप्प्याबाहेर मेणबत्ती पेटवली तेव्हा तिसरीतली एक मुलगी बोट पुढं करून म्हणाली, "आजी, हे लाईट गरम कावून आहे?" त्यानंतर शाळेतून निरोप आला: आता याची गरज उरली नाही, आभारी आहोत.

गरज उरली नाही ही चांगलीच गोष्ट होती. तरी त्यांना काडी ओढल्याचा वास आठवे. चहाच्या भांड्याखालची निळी फुलं आठवत. थंडीत शेकोटीभोवती एका बाजूनं भाजणारं आणि दुसऱ्या बाजूनं गारठणारं अंग आठवे. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटे. जिच्या नवऱ्याला धुरानं खाल्लं, तिनं आगीची आठवण काढावी?

एकदाच, जेवताना, त्यांनी विचारलं होतं. "अनू, तुहा घुम्या विझवते. पण निववते काय?"

"ज्वाळा नाही म्हणजे आग नाही, आई," अनघा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "शेगडी तर आपोआप बंदच होते. तेल निवतंच मग."

"शेगडी बंद होते. पण जे आपल्याच पोटातून तापते, त्याचं काय?"

"तसं घरात काय असतं?" अनघा हसली. कांचनताईंनी ताटं उचलली.

*

मे महिन्यात दुर्गा राऊतनं पापड लाटायला बोलावलं. दुर्गा आता पन्नाशीची. नवी नवरी असताना तिनं कांचनताईंच्या शाळेत पहिल्या रांगेत बसून परात सरकवायला शिकून घेतलं होतं आणि पुढं एका नागपंचमीला खरोखरच पेटलेली कढई झाकली होती. तेव्हापासून ती त्यांना मानायची. बैठकीत सहाजणी पोळपाट घेऊन बसल्या होत्या. दुर्गाची सून प्रणाली सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत होती. बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन होतं.

"काकू, तुमचे पापड पाहा, एकसारखे गोल," दुर्गा म्हणाली. "माह्या सुनेचे म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा."

"मी लाटलेच कुठं अजून?" प्रणाली हसत म्हणाली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूनं घुम्या घुमला. दोन-तीन सेकंद, छातीत थरथर, मग शांत.

"कोठीघरातला हाय," दुर्गा लाटता लाटता म्हणाली. "सकाळपासून दोनदा घुमला. काही दिसत तर नाही."

"आई, दाखवतंय ना," प्रणालीनं मोबाइल वर केला. पडद्यावर हिरवं वर्तुळ होतं. "आग नाही. सगळं ठीक."

घुम्या पुन्हा घुमला. मग पुन्हा. कांचनताईंचं लाटणं थांबलं. मधला काळ आखूड होत चालला होता.

"कोठीत काय हाय गं, दुर्गा?"

"काय राहील? गहू, तेलाचे डबे. अन् ते सोलरची बॅटरी. घुम्या बसवला त्याच साली घेतली."

मग त्यांना वास आला. जळकट नव्हता. गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा. त्यांनी वाकून स्वयंपाकघराकडं पाहिलं. कोठीच्या बंद दाराखालून पांढरी वाफ सरपटत बाहेर येत होती. धूर वर जातो हे त्यांनी पंचवीस वर्षं शिकवलं होतं. ही वाफ फरशीला चिकटून येत होती.

त्या क्षणी त्यांना सगळं एकदम कळलं, शब्दांत नाही, अंगात. बॅटरी पोटातून तापत होती. ज्वाळा धरत होती, घुम्या ती विझवत होता, पण ताप तसाच. जळली असती ती वाफ आता न जळता साठत होती. गळक्या सिलिंडरची पेटलेली ज्योत गॅस बंद न करता विझवू नये, जळणारा गॅस दिसतो तरी, साठणारा दिसत नाही, हे प्रल्हाद प्रत्येक सभेत सांगायचा. आणि छतावरचं ते यंत्र मिनिटामिनिटाला तेच करत होतं.

"उठा!" कांचनताई म्हणाल्या. "हातातलं टाका. बाहेर चला."

दुर्गा उठलीच. पिठाच्या हातांनी, प्रश्न न विचारता, जणू कुणी तिला तीस वर्षांपूर्वीच्या सतरंजीवरून उठवलं होतं. बाकीच्या बायका एकमेकींकडं पाहत राहिल्या.

"घुम्या आहे ना वो, काकू."

"तो आहे म्हणूनच म्हणते. निघा!"

त्यांनी दोघींना दंडाला धरून उठवलं. बटणांना कुणाला हात लावू दिला नाही. प्रणाली दारापर्यंत आली आणि वळली. "माझा चार्जर, बॅग..." कांचनताईंनी तिचं मनगट पकडलं. सहासष्ट वर्षांच्या बाईच्या हातात एवढं बळ असेल असं प्रणालीला वाटलं नव्हतं. "दुखतंय, आजी!" "दुखू दे," त्या म्हणाल्या आणि तिला उन्हात ओढलं.

रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली सगळ्या उभ्या राहिल्या. कांचनताईंनी शेजारच्या दोन्ही घरांची दारं वाजवून माणसं बाहेर काढली, बंबाला फोन लावला आणि मग अनघाला.

"आई, मी पाहतेय," अनघा कार्यालयातून म्हणाली. "राऊतांचं घर. हिरवं आहे. ज्वाळा नाही."

"ज्वाळा नको विचारू त्याले. ताप विचार."

"ते आम्ही पाहत नाही गं. म्हणजे आकडा येतो, पण..."

बंब आला. दोन तरुण जवान उतरले. एकानं हातातल्या टॅबवर पाहिलं आणि मान हलवली. "मावशी, यंत्र क्लिअर दाखवते. आम्ही आत जाऊन पाहून घेतो."

कांचनताई फाटकात आडव्या झाल्या. "जायचं नाही."

"मावशी, सरका बाजूला. ऊन लागते तुम्हाले." तो अदबीनं बोलत होता, पण लोक हसायला लागले होते. घरातून ना धूर ना ज्वाळा. पांढऱ्या केसांची एक बाई फाटक धरून उभी, पापडाचं पीठ कोपरापर्यंत.

"बाबू, तुह्यासारखाच बंबावरचा माहा नवरा असाच विझलेल्या गोदामात गेला होता," त्या म्हणाल्या. "मले बाजूले करायचं असंल तर उचलून कर."

जवान थबकला. फोन अजून चालू होता. पलीकडं किबोर्डचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

"आई," अनघाचा आवाज बदलला होता. "तिथं घुम्या अकरा मिनिटांत एकतीस वेळा घुमलाय. कोठीचं छत एकशे साठ डिग्रीवर आहे. वाढतंय." आपण बांधलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की आईवर, हे तिनं तेवढ्यात ठरवलं. "फोन स्पीकरवर टाक." मग ती जवानांना म्हणाली, "मी शामकची प्रमुख अभियंता बोलतेय. हिरव्याकडं पाहू नका. सगळे मागं व्हा, रस्त्याच्या त्या टोकापर्यंत. माझी आई सांगते तसं करा."

ते सगळे जेमतेम चार घरं मागं गेले असतील. आधी आवाज आला नाही. घर फुगल्यासारखं वाटलं. मग कोठीची भिंत स्वयंपाकघरात कोसळली, बैठकीच्या खिडक्या चौकटींसकट रस्ता ओलांडून कडुनिंबावर आदळल्या, आणि सगळ्यांच्या कानात नुसती शीळ उरली. धुळीतून ज्वाळा वर आली. नारिंगी, उघडी, मोकळी.

प्रणाली त्या ज्वाळेकडं पाहत होती. तिनं आयुष्यात एवढी आग पाहिली नव्हती. ती कांचनताईंना बिलगून उभी राहिली. जखम कुणालाच झाली नाही. तिच्या मनगटावर मात्र चार बोटांचे वळ होते.

*

संध्याकाळी अनघा घरी आली आणि चपलाही न काढता ओट्यावर बसली.

"मी त्याला घुमायला शिकवलं," ती म्हणाली. "थांबायला नाही शिकवलं. जिल्ह्यात चाळीस हजार घरं आहेत, आई. सगळ्यांच्या बॅटऱ्या आता जुन्या होतायत."

कांचनताईंनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "सहा वर्षं कोणी भाजलं नाही, हेही तूच केलं."

"बाबा सांगायचे ते. मी ऐकलंच नव्हतं. मला वाटायचं, ते रुईचं बोलतायत."

"तेही रुईचंच बोलत. बॅटरी त्यायनं कुठं पाहिली?" कांचनताई म्हणाल्या, आणि दोघी एकदम हसल्या, मग एकदम रडल्या.

पुढचे सहा महिने सोपे नव्हते. कंपनी म्हणाली, ही एकटीदुकटी घटना आहे. अनघानं सगळे आकडे चौकशी समितीपुढं ठेवले. तिला काही काळ कामावरून दूर बसवण्यात आलं, मग तिच्याशिवाय दुरुस्ती होईना म्हणून परत बोलावण्यात आलं. नवा नियम ठरला: घुम्यानं ज्वाळेबरोबर तापही पाहायचा. एकाच जागी तिसऱ्यांदा घुमायची वेळ आली, की घुमायचं नाही. भिंतीत नव्यानं बसवलेली झडप उघडून वाफ बाहेर जाऊ द्यायची, बंबाला कळवायचं आणि माणसांना बाहेर पडायला सांगायचं.

अडलं ते सांगण्यापाशीच. कंपनीनं एका निवेदिकेचा गोड आवाज घेतला: 'कृपया शांतपणे घराबाहेर पडा.' शंभर घरांत न सांगता चाचणी घेतली. एकोणनव्वद घरांतली माणसं जागची हलली नाहीत. काहींना ती जाहिरात वाटली. एका घरात टीव्हीचा आवाज वाढवण्यात आला.

"तू बोल," अनघा आईला म्हणाली.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कांचनताई काचेच्या अलीकडं बसल्या. समोर कागद होता. त्यांनी तीनदा वाचून पाहिला, तिन्ही वेळा बातम्या दिल्यासारखं झालं. सभेत समोर बायका असायच्या, लेकरं रडायची, कुणीतरी मागून विचारायचं. इथं नुसती भिंत.

"अनू, हे मी कोणाले सांगून राह्यली? मले माणूस दिसत नाही समोर."

काचेपलीकडून अनघानं बटण दाबलं. "मला सांग."

कांचनताईंनी कागद उलटा ठेवला. डोळे मिटले. तिथलं यंत्र चालवणारा माणूस नंतर म्हणाला, त्यालाही खुर्चीतून उठावंसं वाटलं.

"ऊठ. हातातलं टाक. काही घेऊ नको, काही पाहू नको. बाहेर ये. मी बाहेरच हाय."

दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

या नव्या आवाजाची पहिली चाचणी अर्थात त्यांच्याच घरी झाली. वेळ अनघानंच लावली होती, रविवारी दुपारी साडेबाराची, आणि नंतर ताटावर बसताना ती विसरूनही गेली. कांचनताई मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. आतून त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला आणि कसंसंच झालं. आपण इतक्या दरडावून बोलतो?

तोच मागचं दार धाडकन उघडलं. अनघा अनवाणी अंगणात उभी होती. उजवा हात भाजीनं भरलेला, श्वास वर-खाली. आत काहीही पेटलेलं नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती आईकडं पाहत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू सहा-सात वर्षांच्या मुलीसारखा झाला.

"अवं, ताटावरून उठली?" कांचनताई म्हणाल्या.

"तूच बोलावलंस ना," अनघा म्हणाली.